परस्पर

मशीनमधून निम्मेच पैसे निघाले, तसा रंगारी लंगडत काउंटरकडे गेला. पाय मोडल्यापासून मिळणारा सरकारी भत्ता याच कार्डावर यायचा.

“ताई, यात काहीतरी घोळ आहे.”

काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिला. “घोळ नाही. मुलीची पोटगी कापलीय. मध्ये थकली होती ना तुमची? म्हणून आता परस्पर तिच्या आईच्या खात्यात जाते.”

“तेव्हा दवाखान्यात होतो हो! एरवी दर महिन्याला घरी जाऊन हातात देतो.”

“आता ती पायपीट वाचली. सुटलात की तुम्ही!” म्हणत बाईंनी पुढच्याला हाक मारली.

रंगारी बाहेर आला. सुटल्यासारखं काही वाटेना. खोलीकडे निघाला, कोपऱ्यावरून परत फिरला. स्टॉपवर उभा राहिला, आलेली बस जाऊ दिली. जीव कशात लागेना.

दर महिन्याला तो दाराबाहेर उभा राहायचा. बायको, म्हणजे आता नुसती मुलीची आई, दारातच पैसे मोजायची. तिचं मोजून होईपर्यंत मुलगी त्याला शाळेतलं सगळं सांगून टाकायची. म्हणून तो मुद्दाम सुट्या नोटा न्यायचा.

पुढच्या बसमध्ये तो चढला.

दार मुलीनेच उघडलं. “बाबा, पैसे आले! आईच्या मोबाइलवर मेसेज आला.”

“हो, कळलं मला.”

“मग तू कशाला आलास?”

दाराचा रंग उडालाय, तो बघायला आलो, असं सांगावं असं त्याला वाटलं. पण लेकीपुढे थाप सुचूनही जमेना.

“असाच.”

“नुसताच?”

“नुसताच.”

मुलीने क्षणभर विचार केला. मग आत वळून ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, “आई, बाबा नुसताच आलाय!”

आतला नळ बंद झाला. रंगाऱ्याने कठड्याला धरून जिन्याकडे पाहिलं, एक पायरी उतरलासुद्धा.

तेवढ्यात आतून आवाज आला,

“त्यांना म्हणावं, चपला बाहेर काढा. फरशी आत्ताच पुसलीय.”