जरा हात लावा, साहेब

"बटण दाबल्यावर दिवा लागतो का याचा?" मेकॅनिकनं विचारलं.

"न्हाय. मढ्यासारखा गप पडून ऱ्हातो," आबाराव म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

आबाराव भूमच्या दूध संघाचे मॅनेजर. संघाच्या शेवटच्या खोलीत टेबलावर तो कॉम्प्युटर मांडला होता. खाली पत्र्याचा मोठा डबा, वर काचेचा पडदा. रविवारी मंत्री येऊन उद्घाटन करणार होते. सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. तालुक्यात एका घागरीपायी बायका एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. पण चेअरमनांनी सगळ्या जिल्ह्यात सांगून ठेवलं होतं, आमच्या संघात मशीन हिशोब करणार. मशीन चालू झालं नाही तर मॅनेजर बदलीन, हेही त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं.

"कंपनीनं उद्या माणूस धाडतो म्हणून कळवलं व्हतं," आबाराव म्हणाले.

"मला आजच सवड होती."

माणूस चाळिशीचा, सावळा, कमी बोलणारा. ईट गावाकडून येणाऱ्या एसटीनं उतरला होता आणि उन्हातून चालत आला होता. त्याला कसलीच घाई दिसत नव्हती. टेबलाभोवती हळूहळू फिरत, वायर कुठून निघते आणि कुठं जाते, ते तो बघत होता. आबारावांनी मात्र आपली खुर्ची उंबऱ्याबाहेर टाकून घेतली होती. झाडलोट करणारी गजराबाई त्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. ह्या खोलीत ती केरसुणी नेत नसे. मशीनवर बोटभर धूळ साठली होती.

"फिटिंग कुणी केलं?"

"केलं एका जाणकारानं." तो जाणकार आबारावांचा सख्खा मेहुणा होता.

"अर्थिंग आहे?"

"हाय की. मागच्या अंगाला खड्डा केलाय. मीठ, कोळसा, समदं घातलंय."

"पाणी टाकता त्यात?"

"रोज."

गजराबाईनं मान वर करून आबारावांकडं पाहिलं. मेकॅनिकनं तिच्याकडं पाहिलं. पुन्हा खाली वाकून तो वायरीकडं बघू लागला.

"माझ्या आधी कुणी आलं होतं का?"

आबारावांनी टोपी काढून घाम पुसला. "आलता एक पोरगा. मच्छिंद्र नावाचा. लई हुशार. पर नशीब बघा, इथंच गेला. ऊन लागलं त्याला. स्टँडापासून तसाच तापत आला, पाणीसुदिक प्याला न्हाय. त्या दिसांत ऊनच तसलं व्हतं."

"इथंच म्हणजे?"

"हितंच. टेबलापाशी."

"डॉक्टरनं बघितलं?"

"उष्माघात म्हणले. आमी सांगितलं तसं... म्हंजे, लक्षणं सांगितली तसं." आबाराव गडबडीनं उठले. "चहा सांगू का तुम्हास्नी?"

"नको."

मेकॅनिकनं पिशवीतून लाकडी मुठीचा पेचकस काढला आणि डब्याचा एकेक स्क्रू सैल करू लागला. दर वेळी त्याची बोटं पत्र्याजवळ गेली की आबाराव दाराची चौकट धरायचे. तोंडाशी आलेलं त्यांनी दोनदा गिळलं. कंपनीचा माणूस आहे, ज्याचं काम तो जाणतो, असं त्यांनी मनाला बजावलं. नोकरी, मेहुणा, घरातली लेकरं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. बाहेर टँकर आल्याचा गलका झाला, पण गजराबाई घागर घ्यायला हलली नाही.

मेकॅनिक टेबलाच्या मागं जाऊन उकिडवा बसला. काहीतरी खटकन वाजलं. तो उठला, पुढं आला.

"झाकण घट्ट बसलंय. दोन्ही बाजूंनी धरून ओढावं लागेल. जरा हात लावा, साहेब."

"म्या?"

"साहेब तुम्हीच ना?"

"माझी पाठ धरलीय. गजराबाई, तू लाव गं हात."

"म्या न्हाय!" गजराबाई दोन पावलं मागं सरली. "पाया पडते मालक, म्या न्हाय हात लावायची!"

"का हो?" मेकॅनिकचा आवाज चढला नाही. "नुसता पत्रा तर आहे. या साहेब."

आबाराव हसले. "त्याचं असं हाय, मशीनला माणसाचा हात चालत न्हाय. घाम लागतो."

मेकॅनिक उंबऱ्याबाहेर आला. त्यानं आबारावांचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं. त्या बारीक माणसात एवढी ताकद असेल असं वाटत नव्हतं. आबारावांनी पाय रोवले, खुर्ची पाडली, टेबलाचा पाय धरला. डबा हातभर अंतरावर आला तसे ते ओरडले.

"सोड! सोड मला! करंट हाय त्यात! डब्यात करंट हाय! त्या खड्ड्यात एक थेंब पाणी टाकलं न्हाय कधी! गजराबाईला झटका बसला व्हता, म्याच तिला गप ऱ्हा म्हणलं! त्यो पोरगा हात लावायला लागला तवाबी म्या गप ऱ्हायलो... सोड रं बाबा, मरंन म्या!"

ओरडा ऐकून टँकरपाशी जमलेली माणसं घागरी टाकून दारात आली होती. सगळ्यांच्या देखत आबारावांचा तळहात त्या पत्र्यावर दाबला गेला.

काहीच झालं नाही. पत्रा नुसता कोमट होता.

"प्लगची पिन मघाशीच काढलीय मी," तो माणूस म्हणाला आणि त्यानं मनगट सोडलं.

आबाराव जमिनीवर बसले. "अन् मशीन? मशीनचं काय झालंय?"

"ते उद्या कंपनीचा माणूस येईल, तो बघेल. मला त्यातलं काही कळत नाही. मी ईटच्या शाळेत मास्तर आहे. मच्छिंद्र माझा धाकटा भाऊ."