तलावावरचा इलाज

धम्मदीपची डावी पोटरी पुन्हा उडायला लागली, तशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्याने पँट वर सारली आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. डॉक्टरांसमोर ती हटकून गप्प बसायची. पुरावा हवा होता.

भंडाऱ्यात दर रविवारी नागपूरहून नसांचे डॉक्टर येत. धम्मदीप जवळच्याच शहापूरचा, वीज खात्यात लाईनमन. दोन महिन्यांपासून अंगात कुठे ना कुठे मांस फडकायचं. मग घासही घशात अडकायला लागला. बायको, रीना, भात मऊ शिजवून वाढायची, तरी दर घासामागे पाणी. मोबाइलवर त्याला रोगाचं नाव सापडलं होतं. आधी हातपाय जातात, मग बोलणं, मग गिळणं, शेवटी श्वास. ते वाचल्यापासून तो खांबावर चढला नव्हता.

केबिनमधून साठीचा एक माणूस फाइल घेऊन बाहेर आला. शेजारी बसला. बराच वेळ समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला. मग त्याचं लक्ष पोटरीकडे गेलं.

"काय करून राहिला गा बाबू?"

धम्मदीपने सगळं सांगितलं. "पोरगी तीन वर्साची हाये, काका. मी काई वाचत नाई आता."

त्या माणसाने बाही वर केली. दंडावरचं कातडं बारीक थरथरत होतं, उथळ पाण्यात मासोळ्या फिराव्यात तसं.

"हे पाय. बारा वर्सं झाले मले. मेलो का?"

"न् गिळाले?"

"अडकते कवाकवा. हळू खातो." त्याने फाइल पिशवीत कोंबली. "करडीले ये. तलावावरचा सुखराम कोनता, कोनीबी सांगन. जाळं वढलं का डोक्यातलं सारं निघून जाते."

डॉक्टरांनी धम्मदीपच्या गुडघ्यांवर हातोडी मारली, जीभ पाहिली, टाचांवर चालवलं, सुया टोचून तपासणी केली. "तुम्हाला काहीही झालेलं नाही. मोबाइल बंद करा," म्हणाले. त्यांच्या बोलण्यावर त्याचा विश्वास बसला नाही. सुखरामच्या दंडावर बसला.

पुढच्या रविवारी तो करडीला गेला. मग दर रविवारी जायला लागला. सुखराम काठावर बसून सांगायचा, जाळं धम्मदीप ओढायचा. "तू वढ. तुयासाठीच सांगून राहिलो," म्हणायचा. तोंडात तंबाखूचा खर्रा असल्यासारखं जड बोलायचा. चहा बशीत ओतून, गार करून, घोट घोट प्यायचा. धम्मदीपही तसाच प्यायला लागला. पोटरी उडाली की दोघं एकमेकांना दाखवून हसायचे.

मे महिन्यात धम्मदीप खांबावर चढला. जूनमध्ये त्याने रीनाच्या हातची जाड भाकर पाण्याशिवाय खाल्ली. रीना पदराने डोळे पुसत म्हणाली, "त्या काकाले एकडाव घरी जेवाले आना."

पावसाळ्यात तारा तुटायच्या, सुट्टी मिळेना. तो थेट सप्टेंबरात करडीला गेला. जेवायचं आमंत्रण घेऊन.

दारात सुखरामची बायको, जमुनाबाई, उभी होती.

"काका तलावावर?"

"तलावावर कायचे? आत निजले हायेत. उठता येत नाई, बोलता येत नाई. पेजबी नाकातून येते."

धम्मदीप उंबऱ्यातच थांबला. "पन हे तं बारा वर्सांपासून होतं ना, काकू?"

"कोनं सांगतलं? मागच्या दिवाळीपासून लागलं हे. त्याच्या आधी येकटा मानूस जाळं वढे." ती आतून फाइल घेऊन आली. "मले म्हनत, कमजोरी हाये, टॉनिकनं जाईन. तुमी शिकलेले. वाचा बरं, डॉक्टरनं काय लिवलं?"

त्याने फाइल उघडली. इंग्रजीत रोगाचं नाव होतं. मोबाइलवर शंभरदा वाचलेलं. तारीख आठ मार्च, रविवार. त्याच तारखेचा कागद त्याच्याही घरी होता. खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती: यावर इलाज नाही, याची पूर्ण कल्पना रुग्णाला आज दिली.