म्हातारीचं वजन

“तीन किलो चारशे!” मास्तर फोनवर म्हणाले.

कारखान्यातल्या पॅकिंगच्या खोलीत काटेबाईंनी हातातलं पितळी वजन अलगद खाली ठेवलं. “परत सांगा.”

“तीन किलो चारशे गं. कालच्यापेक्षा शंभरने जास्त. तुझी म्हातारी अंग धरायला लागली.”

म्हातारी म्हणजे घरातलं मांजर. वय वर्षं अठरा. मूत्रपिंडं थकलेली, दात चारच उरलेले, नाकावरचा राग मात्र शाबूत. काटेबाईंचं काम ठिकठिकाणच्या कारखान्यांतले वजनकाटे तपासून देण्याचं, म्हणून त्या काटेबाई. या खेपेला औषधांचा कारखाना होता. बावीस काटे, बारा दिवस. निघायच्या आदल्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला तपासलं आणि चष्मा काढून सांगितलं, “तीन किलो शंभर भरलीय. तीनच्या खाली गेली, तर मग फार दिवस नाहीत. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायला घाला आणि रोज वजन करा.”

जबाबदारी मास्तरांवर पडली. मास्तर शाळेत गणित शिकवायचे. काटेबाईंचा नवरा असूनही त्यांच्या लेखी ते नेहमी ‘तुझं मांजर’ होतं. अठरा वर्षांत “ए, ऊठ माझ्या खुर्चीवरून” एवढाच काय तो दोघांचा संवाद.

पण हिशेबाला माणूस चोख. म्हातारीला उचलून घरच्या काट्यावर उभं राहायचं, आलेल्या आकड्यातून आपलं वजन वजा करायचं, उरली ती म्हातारी. तो काटाही काटेबाईंनी स्वतः तपासलेला. शंकेला जागाच नव्हती.

आकडा रोज चढत गेला. साडेतीन. मग तीन सातशे. काटेबाईंना कारखान्याच्या कॅन्टीनमधलं जेवणसुद्धा गोड लागायला लागलं. पॅकिंगच्या बायका येता-जाता विचारायच्या, “काय काटेबाई, लेक किती भरली आज?” नवव्या दिवशी काटेबाई म्हणाल्या, “चार किलो!” तेव्हा बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

एवढी मोठी बातमी डॉक्टरीणबाईंना कळवली नाही तर काय मजा, म्हणून काटेबाईंनी फोन लावला.

“नऊ दिवसांत नऊशे ग्रॅम? या वयात?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हे काही मांस नाही हो. अंगात पाणी साठत असणार. उद्याच आणा तिला.”

काटेबाईंनी तडक घरी फोन केला.

“अहो, पोट फुगलंय का तिचं?”

“मला काय कळतंय? हात लावला की बोचकारते.”

“आणि जेवते ना?”

“ताटली चाटूनपुसून लख्ख.”

तेवढ्याने धीर आला नाही. उरलेले तीन काटे त्यांनी सोबतच्या तंत्रज्ञाच्या गळ्यात मारले आणि सकाळची पहिली बस पकडली. सहा तासांचा रस्ता. खिडकीबाहेर काय काय गेलं कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वेटरच्या बाहीत गुंडाळून आणलेलं पिल्लू होतं. पहिल्या दिवशी ते भरलं होतं तीनशे वीस ग्रॅम. तो आकडा त्यांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ होता.

दवाखान्यात मास्तर आधीच येऊन बसले होते. मांडीवर टोपली, टोपलीच्या फटीतून संतापलेले दोन डोळे. डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचं पोट चाचपलं, छाती ऐकली आणि तिला टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. तिघांनी श्वास रोखला.

तीन किलो शंभर.

“पाणीबिणी काही नाही,” डॉक्टरीणबाई हसल्या. “जशीच्या तशी आहे. एक ग्रॅमसुद्धा घटली नाही. या वयात अजून काय पाहिजे? खुशाल घरी न्या.”

काटेबाईंनी म्हातारीला उराशी घट्ट धरलं. म्हातारीने त्यांचा कान चावला. चारच दातांनी, पण मन लावून. काटेबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काटे तपासणारी बाई जागी झाली. इथला काटा बरोबर. घरचा काटा बरोबर. मग मधले नऊशे ग्रॅम गेले कुठे?

त्या हळूच वळल्या. मास्तरांच्या शर्टाची पोटावरची दोन बटणं जिवाच्या आकांताने काजांना धरून होती.

“अहो, तुम्ही स्वतःचं वजन कधी केलंत?”

“तू गेलीस त्या दिवशी. बहात्तर भरलं. रोज रोज कशाला करायचं? आजारी ती आहे, मी नाही.”

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला. म्हातारीच्या नावावर चढलेला ग्रॅम न् ग्रॅम मास्तरांचा होता.

“आणि म्हणे गणिताचे मास्तर!” काटेबाईंना हसू आवरेना. “पण एवढं खाल्लंत तरी काय? मी आग्रह केला तर दुसऱ्यांदा भात घेत नाही तुम्ही!”

मास्तर कानापर्यंत लाल झाले. टोपलीची कडी त्यांनी उगाचच लावली, काढली, पुन्हा लावली.

“मी कुठे खातोय,” ते पुटपुटले. “एकटी असली की ती घासाला तोंड लावत नाही. पाचही वेळा जमिनीवर ताट घेऊन शेजारी बसावं लागतं. आणि नुसतं बसून भागत नाही गं, खोटं खोटं जेवलेलं तिला कळतं.”