शनिवारचं मौन

“काकू, कोमट पाण्यात बुडवलेलं मऊ फडकं नुसतं टेकवा. घासू नका, अन् डोळ्यांजवळ बाम तर अजिबात नको.” डॉक्टरीणबाईंचं हे सांगणं विमलाबाई व्रतासारखं पाळत होत्या. सर्दीत पुसून पुसून नातवाच्या डोळ्यांभोवतीची कातडी लालबुंद झाली होती. “तुला झोंबू देणार न्हाई, सोन्या,” असं त्यांनी पियुषला वचनच दिलं होतं.

शनिवारी सकाळी पोर डोळे चोळत रडायला लागलं. सुनेनं, उत्तरानं, वाकून वास घेतला.

“लावलातच ना बाम, आई?”

विमलाबाईंनी मुलाकडं, दिगंबरकडं, पाहिलं. पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलल्यापासून शनिवारी दिवेलागणीपर्यंत त्यांचं मौन असे.

“जाऊ दे गं,” दिगंबर म्हणाला. “जुन्या माणसाचा हात कुठं ऐकतोय?”

अन् बामाची डबी त्यानं हळूच खिशात सरकवली. थोड्या वेळापूर्वी तो तीच डबी उघडत असताना विमलाबाईंनी त्याचं मनगट धरलं होतं, मान हलवून नको नको म्हटलं होतं. “थोडासाच लावतो, नाक मोकळं होईल,” म्हणत त्यानं हात सोडवून घेतला होता.

दिवसभर उत्तरानं पोराला त्यांच्याजवळ जाऊ दिलं न्हाई.

दिवेलागणीला विमलाबाईंनी देवापुढं निरांजन लावलं. उत्तरा दारातच उभी होती.

“आता तरी सांगा आई, का लावलात?”

दिगंबरनं मोबाईलमध्ये मान खाली घातली.

“पोराला झोंबायलंय अजून,” एवढंच बोलून विमलाबाई पाणी कोमट करायला उठल्या.