वळणापलीकडचा गाळ

“हितं?” सोनबानं विचारलं. “हितं काय हाय, मॅडम?”

कादंबरी मॅडमनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून बांबूची काठी गाळात रोवली, तिला लाल झेंडी बांधली आणि मग मान वर केली.

“इथला गाळ ढवळलेला आहे; बसला की परवा सकाळी काढणार. तोवर कुणाला इथे पाय टाकू देऊ नका. या जागेवर सगळं अवलंबून आहे.”

“पर कारखान्याचा पाइप तिकडं खाली ऱ्हायला की.”

“दिसला मला.”

“मग हितं कशापायी?”

“रिपोर्टमध्ये कळेल.”

बाई पुण्याच्या नारायण पेठेतल्या. शब्द विकत आणावे लागत असल्यासारख्या बोलायच्या.

वारज्याच्या पुढे मुठेच्या काठावर सोनबाचा पालक-मेथीचा मळा होता आणि मळ्याला खेटून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा कारखाना. गेल्या वर्षी नात संस्कृतीचं पोट सारखं दुखायला लागलं. चार डॉक्टर झाले, पाचव्यानं रक्त तपासलं. आठ वर्षांच्या पोरीच्या रक्तात शिसं निघालं. सोनबानं कारखाना बंद करा म्हणून दावा लावला आणि नदीचा गाळ तपासायला कोर्टानं या मॅडमना नेमलं. त्या काय लिहितात, यावर कारखान्याला टाळं लागणार की नाही हे ठरणार होतं.

आणि बाईंनी केलं काय? पाइपाखाली जेमतेम अर्धा तास थांबल्या, चार पिशव्या भरल्या, त्यावर आकडे टाकले, संपलं. मग तरातरा नदीच्या वरच्या अंगाला चालत वळणाच्या पलीकडे गेल्या. तिथला गाळ लोण्यासारखा. पोरं तिथं खेकडे धरायची. झेंडी लागली ती अशा जागी.

सकाळी त्या कारखान्याच्या मॅनेजरशी दहा मिनिटं बोलत उभ्या होत्या. सोनबाच्या घरचा चहा मात्र नको म्हणाल्या. सोनबानं काय ते ओळखलं.

“बाई फितूर हाय,” घरी आल्या आल्या त्यानं मथुराबाईला सांगितलं. “वळणापल्याडचा चांगला गाळ न्यायचा आन् कोर्टात म्हणायचं, बगा, नदी कशी झ्याक हाय.”

“मग वकिलास्नी फोन करा की,” मथुराबाई म्हणाली.

“वकील तारीख घिल. दुसरं काय येतंय त्याला?”

त्याचं डोकं भलतंच जोरात चालायला लागलं होतं. गोठ्यात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी धूळ खात पडली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती कुऱ्हाडीनं फोडली, आतला करडा लगदा घमेल्यात काढला, वर गोणपाट टाकलं आणि म्हशी धुवायच्या निमित्तानं नदी गाठली. काठावर चिटपाखरू नव्हतं. म्हशी पाण्यात सोडून तो घमेलं घेऊन वळणापलीकडे गेला.

नुसता वर टाकून भागणार नव्हतं. पाइपाखाली मॅडमनी गाळ काढायची नळी हातभर आत घातलेली त्यानं नीट पाहिली होती. म्हणून त्यानंही झेंडीभोवती हातभर खोल उकरलं, लगदा कालवला, गाळ पुन्हा बसवला आणि पायानं सारखा केला. साठीच्या वयात त्याला परीक्षेत कॉपी करणाऱ्या पोरासारखी मजा वाटत होती.

“हात कशानं काळं झालं?” मथुराबाईनं विचारलं.

“गाळानं,” तो म्हणाला आणि ताटावर बसण्याआधी तीनदा साबण लावून आला.

ठरल्या दिवशी मॅडम आल्या. झेंडीपाशी त्यांनी नळी खुपसली, वर काढली, उजेडात धरली. त्यांच्या भुवया वर गेल्या. पुन्हा एकदा, हातभर बाजूला, त्यांनी दुसरी नळी घातली. तीही बराच वेळ पाहिली.

“काय निगालं का?” सोनबानं साळसूदपणे विचारलं.

“प्रयोगशाळा सांगेल.” आवाज नेहमीपेक्षाही कोरडा होता.

डाव फसला की चेहरा असाच होतो, सोनबाच्या मनात आलं. घरी परतताना तो चक्क शीळ घालत होता. पुढचे तीन आठवडे त्यानं कसेबसे काढले.

सुनावणीला तो धुतलेली टोपी घालून मथुराबाईसकट पहिल्या बाकावर बसला. कादंबरी मॅडम उभ्या राहिल्या.

“कारखान्याच्या पाइपाखालच्या गाळात शिसं मर्यादेच्या नऊपट आहे.”

सोनबानं मथुराबाईचा हात घट्ट धरला.

“वळणापलीकडे, पाइपाच्या वरच्या अंगाला, अठरापट.”

दुप्पट! त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. फितूर बाईच्याच तोंडून त्यानं खरं वदवून घेतलं होतं. मॅनेजरचा चेहरा कसा पडलाय ते बघायला त्यानं मान वळवली. मॅनेजर हसत होता.

न्यायाधीशांनी कागद दोनदा वाचला. वरून येणाऱ्या गाळातच शिसं जास्त असेल, तर खालचं शिसं कारखान्याचं कशावरून, असं त्यांनी विचारलं. सोनबाच्या वकिलानं पुढची तारीख मागितली. पाच मिनिटांत दावा निकालात निघाला आणि कारखाना सुरू ठेवायला मोकळीक मिळाली.

बाहेर व्हरांड्यात मॅडम त्याच्यापाशी येऊन थांबल्या. पहिल्यांदाच त्या आपण होऊन बोलत होत्या.

“पाइपाखालचे आकडे बघून शिसं कारखान्याचंच याची मला खात्री होती, काका. वळणापलीकडचा गाळ फक्त स्वच्छ निघायला हवा होता.”