अकरा नंबरची द्रौपदी

“द्रौपदीला अकरा नंबर?” संपादकांनी पानांचा गठ्ठा तिच्या टेबलावर आपटला. “डोकं ठिकाणावर आहे ना बाई?”

डोकं ठिकाणावर होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच आलं होतं म्हणा. मुलांसाठीच्या पौराणिक चित्रकथांमध्ये रंग भरायचं तिचं काम. चित्रकार रेघा काढून देई आणि ती भिंतीवरचा तक्ता बघून रंग भरी. देव, राजे, राजकन्या यांना तीन नंबर, म्हणजे केशर घातलेलं दूध. राक्षस, चोर आणि दासी यांना अकरा नंबर, म्हणजे कोरा चहा. सावळ्या देवांची पंचाईत होती, तर त्यांना सरळ निळं करून टाकलं होतं. अकरा नंबरचा रंग बोटाला लागला तर ती पुसायची नाही. पुसलं काय, न पुसलं काय, सारखंच दिसायचं.

तिची आठ वर्षांची लेकही रंगाने तिच्याच वळणावर गेलेली. शाळेच्या नाटकात सलग दोन वर्षं पोरगी राक्षसीण झाली. यंदा बाईंनी विचारायच्या आधीच तिने स्वतःहून हात वर केला. हे तिने जेवताजेवता इतक्या सहज सांगितलं, की आईने हातातला घास परत ताटात ठेवला. स्वतःचीच लाज वाटली तिला. दुसऱ्या दिवशी तिने द्रौपदीसाठी अकरा नंबरची बाटली उघडली.

“मूळ गोष्टीत ती काळीच आहे, साहेब. आणि तिच्याइतकी देखणी दुसरी कुणी नव्हती, असंही लिहिलंय.”

“मूळ गोष्ट वाचतंय कोण? पुस्तकं आया विकत घेतात.”

“मीपण आईच आहे.”

साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बत्तीस पानं पुन्हा रंगवायची तर छपाईची तारीख हुकणार, हे त्यांना दिसत होतं. “जाऊ द्या,” ते म्हणाले. “पण दुकानांतून गठ्ठे परत आले, तर उद्यापासून यायचं नाही.”

छापून आलेली पहिली प्रत तिने घरी नेली. लेकीच्या हातात दिली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. सांगून दाखवण्यात काय अर्थ होता? पोरीचं पोरीलाच दिसायला हवं होतं. तिने कणीक मळली, भाजी चिरली, पण कान सगळे बाहेर. तासभर बाहेरून हूं की चूं नाही. एरवी पाच मिनिटांत पुस्तक टाकून खेळायला पळणारी पोर! तिला भरून आलं. नोकरी गेली तरी चालेल, असं वाटून गेलं.

शेवटी न राहवून ती बाहेर आली. लेक जमिनीवर पालथी पडली होती. घरच्या कामासाठी आणलेली तीन नंबरची बाटली शेजारी उघडी होती आणि हातात आईचा बारीक कुंचला. पुस्तकातून सुटी केलेली आठ पानं वाळत पडली होती. आठही पानांवर द्रौपदी गोरीपान झाली होती. रंग कुठेही रेघेबाहेर गेला नव्हता.

“आई, तू चुकून हिला राक्षसिणीचा रंग लावलास,” लेक हळूच म्हणाली. “साहेबांना सांगू नकोस, ते रागावतील. मी सगळं नीट करते.”