कौनसे परसों?

“अन्वरसाहेब परवा रिटायर झाले, म्हणजे सोमवारी ते कामावरच होते. तेव्हा त्यांच्या लॉगिनवरून मार्क बदलले ते त्यांनीच!” आई म्हणाली. हैदराबादच्या विद्यापीठात कुठल्या कर्मचाऱ्याला कुठली माहिती उघडता यावी, हे पाहायच्या नोकरीवर ती नवीनच लागली होती. तक्रारीचा ईमेल तयार होता, बोट ‘सेंड’वर. “परवा? कोण म्हणालं?” “ऑफिसातले लतीफभाई. ‘परसों गए’ म्हणाले.” मी किंचाळलेच. “थांब, पुणेकर आई! हैदराबादी परसों म्हणजे मागे कधीतरी!” तिच्याच फोनवरून लतीफभाईंना गाठलं. “चाचा, अन्वरसाब कौनसे परसों गए?” “वोइच बेटा, पिछले साल बारिश में!” म्हणजे वर्षभर उघडं राहिलेलं लॉगिन दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं! आईने झटकन ते बंद केलं, ईमेलमधून अन्वरसाहेबांचं नाव काढलं आणि मला मिठीच मारली. “मलाही शिकव गं ही भाषा. कधीपासून शिकवतेस?” मी ऐटीत म्हटलं, “परसों!”